पाहुण्यासाठी काढलेल्या खुंट्या

उत्तरेचा वारा यंदा चार दिवस आधीच आला. जुन्या गावात वारा पत्ता विचारत विचारत यायचा. गल्ली वळली की वळायचा, पारावर थबकायचा, कुणाच्या तरी भिंतीवर डोकं आपटून दमून बसायचा. आमच्या नव्या वस्तीत त्याला विचारायचं कारणच नाही. सडक सरळ. इतकी सरळ, की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाच्या पोस्टमास्तरांची गाय दिसते, आणि तिने कुणाचं धोतर तोंडात धरलंय तेही दिसतं.

परवा मी शाल गुंडाळून ओट्यावर बसलो होतो. समोरच्या घरात अमरावतीहून नवे तारमास्तर बदलून आलेत. ते सडकेकडे पाहून म्हणाले, "काय सुरेख आखणी आहे हो तुमच्या वस्तीची! दोन्ही अंगांना कडुलिंबाच्या रांगा, मधून सडक. कोण इंजिनीअर होता?"

"मोमीन," मी म्हणालो.

"मोमीन? मुंबईचे का?"

"इथलेच."

"अरे वा!" तारमास्तर म्हणाले आणि आत चहाला गेले. नाव त्यांनी बहुतेक टिपूनही घेतलं असेल.

मला लोक नाटक्या मास्तर म्हणतात. शाळेत भूगोल शिकवतो आणि गणपतीत सोंगं काढतो. आमच्या गावात असा एक माणूस नाही, ज्याची मी नक्कल केली नाही. मामलेदार शिंकतात कसे, किराणावाला तागडी धरताना कुठल्या देवाचं नाव घेतो, भटजी दक्षिणा पाहून मंत्राची लांबी कशी ठरवतात, सगळं माझ्यापाशी साठवलेलं आहे. मात्र थंडीचा हा पहिला वारा आला की एक नक्कल अंगात यायला लागते आणि ती मला नको असते. गावाचं नाव सांगत नाही. जिल्हा बुलढाणा, बाजार जानेफळचा, राज्य तेव्हाही नागपूरचं आणि आताही नागपूरचंच. झेंडा तेवढा बदलला.

दसरा उलटून पावसाची धास्ती संपली की गावाच्या उत्तरेला मोमिनांचा, म्हणजे मुसलमान विणकरांचा, हंगाम सुरू व्हायचा. कुणब्यांचा हंगाम कापसाचा, कापडवाल्यांचा लग्नसराईचा, आम्हा मास्तरांचा परीक्षेचा. मोमिनांचा हंगाम ताण्याचा. लुगड्याचे उभे धागे मागावर चढवण्याआधी लांबच लांब ताणून त्यांना खळ लावावी लागते. ती लावली नाही तर विणताना धागा तुटतो. हे काम घरात होत नाही. त्याला सरळ मोकळा पट्टा लागतो, सकाळचं कोवळं ऊन लागतं, आणि ऊन चढलं की लगेच सावली लागते; कारण खळ एकाएकी वाळली तर धागा काडीसारखा मोडतो. म्हणून मोमिनांच्या पणजोबांनी त्या मुरमाड माळावर कडुलिंबाच्या दोन रांगा लावल्या, घरच्या मडक्यातलं पाणी घालून वाढवल्या, आणि मधला पट्टा ताण्यासाठी ठेवला. आजची आमची सडक म्हणजे तो पट्टा.

सूर्य उगवायच्या सुमारास तिथे जाऊन उभं राहावं. बायका काठ्यांच्या आतून-बाहेरून धागा फिरवत येरझाऱ्या घालताहेत. तोंडाने बोलणं चालू, पण पाऊल चुकत नाही. पुढे दोन-दोन पुरुष समोरासमोर, हातात भला मोठा कुंचा. ज्वारीच्या पिठाची आंबवलेली खळ ताण्यावर ओढत, एकमेकांकडे न पाहता एका पावलाने चालताहेत. अंगावर धुकं, धाग्यांवर दव, आणि सगळीकडे तो आंबट वास. सासरहून माहेरी येणाऱ्या पोरी बैलांच्या दमणीत डुलक्या घेत असल्या तरी त्या वासाने जाग्या व्हायच्या. गाव आलं.

नदीकडे आणि शाळेकडे जाणारी वाट या पट्ट्याला छेदून जायची, आणि ताणे माणसाच्या छातीच्या उंचीला. तेव्हा वाटेवर आलं की वाकायचं. "वाकून जा रे!" असा आवाज आला की मग तुम्ही पाटील असा नाहीतर पाणक्या, पाठ मोडायचीच. गावातला प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा मोमिनांपुढे झुकायचा, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती. आली असेल तर एकाच माणसाच्या, बापूसाहेब वकिलांच्या. ते म्युनिसिपल कमिटीचे अध्यक्ष. त्यांची पगडी हमखास धाग्याला अडून खाली पडायची.

"काय रे हबीब," ते धूळ झटकत म्हणायचे, "रोज माझी पगडी पाडतोस?"

"मी कायले पाडू हुजूर?" हबीबभाई म्हणायचे. "धागा तं जागच्या जागी हाय. पगडीच उंच होऊन राह्यली."

लोक हसायचे. बापूसाहेबही हसायचे. त्यांचं हसणं दातांपर्यंत येऊन थांबायचं.

हबीबभाई म्हणजे मोमिनांचे म्होरके. उंच, किडकिडीत, पन्नाशीचे. बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून दर वाक्याला उजवा हात सदऱ्याला पुसायचे. आणि बोलताना डावा हात हवेत असा सरकवायचे, जणू समोर एक न दिसणारा धागा आहे आणि तो कुठे तुटलाय ते चाचपून पाहताहेत. नक्कल करणाऱ्याला असा माणूस म्हणजे देवाची देणगी.

आता त्यांची एक रीत सांगितली पाहिजे. मैदान मोमिनांचं काम करायचं, पण उतरायचं सगळं गाव तिथे. कुणाच्या घरी वऱ्हाड आलं, की सावलीची जागा ती एकच. मग निरोप न पाठवताच मोमीन आपले ताणे गुंडाळायचे, खुंट्या उपटायचे, खुंट्यांची भोकं माती घालून चोपायचे, झाडून पाणी शिंपडायचे. पाहुण्यासमोर खुंटी असू नये, असं ते म्हणायचे. खुंटी दिसली की पाहुण्याला वाटतं, आपल्याला हद्द घातली. बापूसाहेबांच्या थोरल्या लेकीचं वऱ्हाड अकोल्याहून आलं, तेव्हा तीन दिवस एक धागा ताणला गेला नाही. वऱ्हाड गेलं, खुंट्या पुन्हा ठोकल्या. कुणी आभार मानले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत.

माझं तेव्हा नुकतं लग्न झालेलं. जुन्या गावात एका गल्लीत खोली घेतली होती. खोलीला एक खिडकी होती आणि ती गटारावर उघडत होती, म्हणून आम्ही ती उघडत नव्हतो. यमुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिल्याच पावसाळ्यात खोकला लागला, तो दिवाळी आली तरी हटेना. त्याच श्रावणात गल्लीत पटकी शिरली आणि शेजारच्या सुताराची दोन लेकरं एका आठवड्यात गेली. तेव्हा नव्या वस्तीचं कुणाच्या तरी डोक्यात खूळ आलं, असं मी म्हणणार नाही. वस्ती पाहिजेच होती. मला तर सगळ्यांआधी पाहिजे होती.

पण कुठे? यावर त्या हिवाळ्यात गावाने जी चर्चा केली, तिच्यापुढे गोलमेज परिषद फिकी. केशकर्तनाच्या ओसरीवर अर्धी दाढी केलेली माणसं उठून भांडायची.

"नाल्याकाठी बांधा."

"काळी जमीन हाय बे तिथं. पावसाळ्यात घर चालत चालत नाल्यात जाईन."

"मंग मसनवटीकडं."

"तू राह्य तिथं. तुले तशीही घाई हाय."

"शेजार कोनाचा येनार ते आधी सांगा. मी तेल्याच्या बाजूले राह्यनार नाही."

"तेल्यानं म्हनलं पाहिजे ना, तो तुह्या बाजूले राह्यते का नाही!"

आणि मग कुणीतरी, बहुधा बापूसाहेबांच्याच कारकुनाने, हळूच म्हटलं, "उत्तरेचा माळ?" मुरमाड जमीन, उंचावर, हवेशीर, वर सावलीची झाडं आयती. न्हावी वस्तरा चामड्यावर घासता घासता थांबला. तेवढ्या एका क्षणात सगळ्यांनी आपापलं घर तिथे बांधून टाकलं होतं. मीसुद्धा. माझ्या घराला मी चार खिडक्या काढल्या.

"तिथं मोमीन ताणे लावतात," न्हावी म्हणाला.

"पटवाऱ्याच्या दप्तरात कुठं हाय मोमिनांचं नाव?" कारकून म्हणाला. "सरकारी पडीत हाय ते."

न्हावी पुन्हा वस्तरा घासायला लागला.

जिल्ह्याहून एक ई.ए.सी. साहेब, म्हणजे कमिशनरच्या हाताखालचे अंमलदार, जागा पाहायला येणार असं ठरलं. नागपूरकडचे, आपलेच, पण इंग्रजीत विचार करणारे. स्वागताचं काम माझ्याकडे, कारण स्वागत म्हणजे नाटकच. मी पोरांचं गाणं बसवलं, कमानीला झेंडूच्या माळा लावल्या. साहेबाचा तंबू कुठे ठोकायचा? मैदानावर, दुसरी सावली कुठे आहे? हबीबभाईंना मीच निरोप दिला.

"हबीबभाई, परवा साहेब येऊन राह्यले. मैदानावर उतरतील."

"येऊ द्या. पाहुना हाय," ते म्हणाले आणि हात सदऱ्याला पुसला.

मी इतकंच म्हणालो. साहेब कशासाठी येताहेत ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक असणार असं मी धरून चाललो. आता विचार करतो, तेव्हा वाटतं, ठाऊक नसेल असंही मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं. अर्धवट खळ लावलेले ताणे उतरवून गुंडाळले जात होते. असा ताणा उतरवला की तो वायाच जातो, हे माझ्यासारख्या भूगोलवाल्यालाही समजत होतं. एकामागून एक खुंटी निघत होती. म्हातारेकोतारे भोकांत माती भरून टाचेने दाबत होते. यंदा त्यांनी नेहमीपेक्षा जास्त मन लावून केलं, सरकारी पाहुणा म्हणून. सगळ्यात शेवटी बायकांनी पाणी शिंपडलं. मैदान असं दिसायला लागलं, जणू ब्रह्मदेवाने ते नुकतंच हातातून खाली ठेवलंय.

साहेब आले, घोड्यावरून उतरले. पोरांनी गाणं म्हटलं, तिसऱ्या ओळीला चुकले. साहेब बापूसाहेबांबरोबर कडुलिंबाखालून चालत निघाले. मी माळा घेऊन मागे. हबीबभाई धुतलेला सदरा घालून, हातात पान-अत्तराचं तबक घेऊन पाच पावलांवर.

साहेब इंग्रजीत म्हणाले, "सुंदर जागा! ही झाडं कुणी लावली?"

"कोण जाणे," बापूसाहेब इंग्रजीत म्हणाले. "जुनी आहेत. निसर्गाची कृपा."

"आणि जमिनीचा वापर कोण करतं?"

"कुणीच नाही. आपण पाहताच आहात."

साहेबांनी पाहिलं. दोन रांगांमधून पार टोकापर्यंत एक काडीसुद्धा नव्हती. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मग मागे वळले, तर हबीबभाईंनी लवून सलाम केला आणि तबक पुढे केलं. साहेबांनी पान उचललं. "कोण हे गृहस्थ?" त्यांनी विचारलं. बापूसाहेब म्हणाले, "गावातले एक भले मुसलमान." यात खोटं काहीच नव्हतं.

मला इंग्रजी येत होतं. त्या मैदानावर इंग्रजी कळणारी माणसं तीन, त्यातला एक मी. मी तोंड उघडलंही होतं. पण त्याच वेळी झाडांतून वारा आला, स्वच्छ, कोरडा, आणि मला यमुनेचा खोकला ऐकू आला. घर मैलभर लांब होतं, तरी ऐकू आला. मी तोंड मिटलं आणि साहेबांच्या गळ्यात माळ घातली.

महिन्याभराने कमिटीने हरकती ऐकायला सभा बोलावली, शाळेच्या मोठ्या खोलीत, रविवारी दुपारी. तोवर मोमिनांच्या कानावर सगळं गेलं होतं. खुंट्या त्यांनी पुन्हा ठोकल्या होत्या, पण वहीतल्या दोन ओळी जिल्ह्याला पोचल्या होत्या. खोली गच्च भरली. माणसं बाकांवर, खिडक्यांत, नकाशाच्या चौकटीवर. विहिरीचं बोलून झालं, शेजाराचं बोलून झालं, मसणवटीच्या वाऱ्याचं बोलून झालं. मग हबीबभाई उठले. त्यांनी हात सदऱ्याला पुसला आणि डावा हात हवेत धरला.

"पंचहो," ते म्हणाले, "साहेबानं लिवलं का जागा खाली हाय. खाली नाही. आमी खाली केली. पाहुना येनार होता म्हून केली. वकीलसाहेबाच्या लेकीचं वऱ्हाड आलं, तवाबी केली होती. तवा कोनी म्हनलं नाही का जागा खाली हाय. झाडं आमच्या पनज्यानं लावली. आमाले सगळं मैदान नाही पाह्यजे. मधला पट्टा ठेवा, दोन्ही आंगानं घरं बांधा. तुमी बी राहा, आमी बी राहू. सकाळी दोन घंटे आमचे, बाकी दिवस तुमचा. एवढं लिहून घ्या. आमी खुंट्या काहाडल्या, पन जागा सोडली नाही. मास्तर तिथंच हुभे होते. त्याईले इचारा."

आणि खाली बसले.

सगळी खोली माझ्याकडे वळली. ही असली वळलेली तोंडं म्हणजे माझं व्यसन. मी उठलो. बापूसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "होऊन जाऊ द्या, मास्तर!" आणखी दोघे ओरडले, "हबीबभाई करा, हबीबभाई!" त्यांना वाटलं मी त्याचसाठी उठलोय. मी का उठलो होतो ते मला ठाऊक आहे. साक्ष द्यायला उठलो होतो. पण साक्ष दिली की वस्तीच अडणार आणि खिडकी गटारावरच राहणार होती.

मी हात सदऱ्याला पुसला.

खोलीत हशा फुटला. मग काय, मला कोण आवरणार! "पाहुना येनार हाय," मी म्हणालो आणि एक खुंटी उपटली, तिला कुरवाळलं, कनवटीला लावली. दुसरी उपटली. टाचेने भोक दाबलं, फुंकर मारून पाहिलं. साहेबाला सलाम केला, पान दिलं, आणि साहेब गेल्यावर चारी बाजूंना हात लावत माझं मैदान शोधायला लागलो. "इथंच तं ठेवलं होतं हुजूर! खुंटीले बांधून ठेवलं होतं!" खिडकीतला एक जण हसता हसता बाहेर पडला. बापूसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी त्यांचं हसणं दातांच्या पुढे गेलं. आणि हबीबभाई? तेही हसले. मान हलवत, तोंडावर हात धरून. इतकं हुबेहूब होतं ते.

त्या हशातच बापूसाहेबांनी हात वर करायला सांगितलं. हसणाऱ्या माणसाचा हात आधीच अर्धा वर असतो. इतिवृत्तात काय लिहिलं ते मी नंतर वाचलं: "हरकती ऐकण्यात आल्या. ग्राह्य अशी हरकत आली नाही. सभा खेळीमेळीत पार पडली." हबीबभाई जे बोलले त्यातला एक शब्द कागदावर आला नाही.

घरी आलो तो टाळ्या कानात घेऊनच. यमुना चुलीपाशी बसली होती. नक्कल तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती.

"तुम्ही फार छान केलं म्हणे आज," ती म्हणाली. "सुतारीणबाईनं करून दाखवलं मला. खुंटी कनवटीला लावली ते."

"आवडलं?"

"हसू आलं." तिने भाकरी परतली. "मी तिला विचारलं, पण हबीबभाईंनी मागितलं काय होतं? तर तिला काही सांगता येईना. तिच्या नवऱ्यालाही येईना. तुम्हाला येतं का?"

मला शब्दन् शब्द येत होता. मी म्हणालो, "होतं काहीतरी पट्ट्याचं."

ती खोकायला लागली. मी पाणी दिलं.

प्लॉट पाडले गेले. मला चौथा मिळाला. खिडक्या चार काढल्या, खरंच. नव्या घरात यमुनेचा खोकला दोन महिन्यांत गेला आणि पुन्हा आला नाही. माझी दोन्ही मुलं याच घरात, याच हवेत वाढली. हे सांगितलं पाहिजे, कारण हे खोटं निघालं असतं तर मला किती सोपं झालं असतं! पाप फळलं नाही की माणूस हळहळून मोकळा होतो. माझं फळलं. रोज सकाळी चारी खिडक्यांतून आत येतं.

पहिल्या वर्षी एक गंमत झाली. सडकेवरून जाताना जुनी माणसं एका ठराविक जागी आली की वाकायची. धागा नाही, खुंटी नाही, लख्ख मोकळी सडक, आणि गावातले प्रतिष्ठित लोक पाठ मोडून काही नसल्याच्या खालून जाताहेत! मी ओट्यावर बसून मोजायचो, पण हसत नव्हतो. कारण मीही वाकत होतो. बापूसाहेब तेवढे ताठ जायचे. पगडी एकदाही पडली नाही.

मोमिनांनी नदीकाठी ताणा लावून पाहिला. तिथे वाऱ्याने वाळू उडून खळीत बसायची. गुरांच्या वाटेवर लावला, गुरं शिरली. आपल्या गल्लीत लावायला ती वळणाची, आणि ताण्याला वळता येत नाही. एका हिवाळ्यात दोन घरांनी माग मोडला, पुढच्या हिवाळ्यात पाच. कुणी वरवट बकालला भावाकडे शेतात गेलं, कुणी कापसाच्या जिनात हमालीला लागलं, कुणी बऱ्हाणपूरचा रस्ता धरला. मोमीनपुऱ्यातून जाताना मागाचा खटखटाट ऐकू यायचा, तो दातांसारखा एकेक पडत गेला.

पुढे दिवस बदलले. बापूसाहेबांनी पगडी टाकून पांढरी टोपी घातली. आमच्या वस्तीच्या वाचनालयात, कडुलिंबाच्या सावलीत, त्यांचं भाषण झालं. विषय होता हातमागाचा. "आपल्या विणकराचा हात हा देशाचा हात आहे," ते म्हणाले. "तो हात आपण राखला नाही तर इतिहास आपल्याला क्षमा करणार नाही." टाळ्या कडकडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. खुर्च्या ज्या जागी मांडल्या होत्या, तिथे हबीबभाईंचा ताणा लागायचा. मी टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगता कुणाला?

हबीबभाई सगळ्यांच्या शेवटी गेले. अशीच थंडी पडायला लागली होती. मोटारस्टँडवर मी बुलढाण्याला परीक्षेच्या कामासाठी निघालो होतो. पाहतो तर मोटारीच्या टपावर मागाचे दांडे बांधलेले, खाली दोन पेट्या, एक हंडा, आणि पेटीवर हबीबभाईंची बायको बसलेली. ते स्वतः बाजूला उभे. वाकले होते आता. बोटं स्वच्छ होती, तरी हात सदऱ्याकडे जात होता.

"कुठं निघाले, हबीबभाई?"

"बऱ्हानपूरले. जावई हाय तिथं. मैदान बी हाय म्हन्ते."

मी म्हणालो, "थंडी लवकर पडली यंदा." ते म्हणाले, "हाव."

"मास्तर," ते म्हणाले, "एक काम सांगू? ते करून दाखवा ना एक डाव. शाळेत केलं होतं ते. मी बोललो होतो ते."

"इथं?"

"मले आता ध्यानात येत नाही पुरं. तुमच्यापाशी असन."

मी इकडेतिकडे पाहिलं. मग उभा राहिलो, आणि हात सदऱ्याला पुसला. ड्रायव्हर बोनेट उघडत होता. तो तेवढ्यानेच हसायला लागला. हबीबभाईंनी त्याला हाताने थांबवलं. खुंट्या, कनवटी, फुंकर यातलं मी काहीच केलं नाही. ते मला आलंच नाही. मी नुसतं बोलत गेलो, त्यांच्या आवाजात. खाली नाही, आमी खाली केली. मधला पट्टा ठेवा. तुमी बी राहा, आमी बी राहू. सकाळी दोन घंटे आमचे. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. त्यांची बायको पेटीवरून माझ्याकडे पाहत होती. ती सभेत नव्हती, तिने हे कधी ऐकलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी ही नक्कल गणपतीत, लग्नांत, सहलींत केली, आणि हे बोलणं दर वेळी गाळत आलो. त्या दिवशी शेवटचं वाक्यसुद्धा तोंडातून आलं. "मास्तर तिथंच हुभे होते. त्याईले इचारा."

"हाव," हबीबभाई म्हणाले. "म्हनजे पुरं बोललो होतो मी. मले वाटे, बोलन्यातच काही राह्यलं असन." त्यांनी बायकोकडे पाहून मान हलवली. मग माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याला त्याच्या कामातलं काही विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

"मंग, मास्तर, काऊन नाही सांगतलं?"

ड्रायव्हर मोटारीत पाणी भरत होता. एक डबा झाला, मग दुसरा झाला, मग तो तिसरा आणायला विहिरीवर गेला. वेळ पुष्कळ होता. मी खालचा हंडा उचलून टपावर द्यायला लागलो.